थिन क्लायंटची स्क्रीन दर बूटला १०२४ वर परत जाते, त्यावरचा उपाय

आमच्या शाळेच्या लॅबमधे १८ थिन क्लायंट (सर्व्हरच्या जिवावर चालणारे छोटे कॉम्प्युटर) आहेत आणि एक सर्व्हर, सगळे नेटवर्कवरून एलटीएसपी या सॉफ्टवेअरने बूट होतात, एकाही डब्यात हार्डडिस्क नाही, डेस्कटॉप उबुंटू माते, हा लिनक्सचा एक प्रकार. मॉनिटर मात्र जसे मिळत गेले तसे लावलेत, काही साडेअठरा इंची १३६६ × ७६८ वाले (हे रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे किती पिक्सेल), काही २० इंची १६०० × ९०० वाले आणि तीन जुने चौकोनी १२८० × १०२४ वाले. सकाळी लॅब चालू केली की यातले पाचसहा १०२४ × ७६८ वरच यायचे. डिस्प्ले सेटिंगमधे जाऊन बदललं की तेवढ्यापुरतं बरं, कधी कधी तर यादीत बरोबर आकडाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यासारखं. एक अख्खं सत्र आम्ही रोज सकाळी हेच करत होतो. आता गेले कित्येक महिने एकदाही हात लावावा लागला नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कोणाच्या तरी सकाळी वाचतील.

काही जण म्हणतील की दिसतंय ना, मग काय बिघडलं. बिघडतं. १०२४ चं चित्र रुंद मॉनिटरवर ताणलं की एका पिक्सेलचे दीड पिक्सेल व्हायला लागतात, इंग्रजी अक्षरं नुसती जाड दिसतात पण मराठीत अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार कळत नाही, द्ध आणि द्व सारखेच दिसतात. पाचवी-सहावीतली मुलं मराठी टायपिंग शिकताना स्क्रीनला नाक लावून वाचत होती, आणि चुका मुलांच्या धरल्या जात होत्या. ८०० × ६०० वर आलेल्या सीटवर (सीट म्हणजे एक क्लायंट आणि त्याचा मॉनिटर) तर लिब्रेऑफिसच्या खिडकीतलं ओके बटणच स्क्रीनच्या खाली गेलेलं असायचं (तसं झालं तर ऑल्ट दाबून धरून खिडकी माउसने वर ओढा, तात्पुरतं काम होतं).

एक आधीच सांगतो, खाली कमांडची नावं मी देवनागरीत लिहिलीयेत, टाइप करताना स्पेलिंग आणि आकडे इंग्रजीच टाकायचे, आणि आकड्यांमधला × म्हणजे छोटं इंग्रजी एक्स अक्षर.

लॉगिनच्या आधी चुकतं की नंतर?

हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारला असता तर निम्मा त्रास वाचला असता. सीट चालू करा आणि लॉगिनची स्क्रीन येते तिथेच थांबा. तीच ताणलेली दिसत असेल तर मशीनला मॉनिटर ओळखता आलेला नाही, म्हणजे केबल, मॉनिटर किंवा ड्रायव्हर. लॉगिन स्क्रीन स्वच्छ आहे आणि पासवर्ड टाकल्यावर बिघडते, तर दोष त्या मुलाच्या होम फोल्डरमधे आहे, केबल बदलून काही होणार नाही. आमच्याकडे दोन्ही प्रकार एकत्र होते त्यामुळे एक सुधारलं की दुसरं पुढे यायचं आणि आपण केलेला उपाय चुकला असं वाटायचं.

मॉनिटर ओळखला जात नाही तेव्हा

प्रत्येक मॉनिटरमधे एक छोटी चिप असते, तिच्यात ईडीआयडी नावाची निदान १२८ बाइटांची माहिती असते, कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, मूळ रिझोल्यूशन किती, कुठली फ्रीक्वेन्सी चालते वगैरे. व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून ही माहिती कॉम्प्युटरकडे जाते, आणि ९ नंबरच्या पिनवरून चिपला ५ व्होल्ट मिळतात. लाल-हिरवा-निळा रंग वेगळ्या पिनांवरून जातो. म्हणून होतं काय की स्वस्तातल्या केबलमधे किंवा एक्स्टेन्शनमधे या पिनांच्या तारा जोडलेल्याच नसतात, किंवा पिन वाकून आत गेलेली असते, तरी चित्र एकदम छान येतं, त्यामुळे केबलवर कोणाचा संशय जात नाही. माहिती आली नाही की लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अंदाजाने जास्त मोठा मोड (रिझोल्यूशन आणि फ्रीक्वेन्सीची जोडी) देत नाही, १०२४ × ७६८ पर्यंतचीच यादी देतो. तो १०२४ आकडा तिथून येतो.

तपासायचं कसं. त्या सीटवर मॉनिटर चालू ठेवून टर्मिनलमधे नुसतं एक्सरँडआर (स्क्रीनचे मोड दाखवणारी आणि बदलणारी कमांड) लिहून एंटर मारा, म्हणजे मॉनिटर नव्याने वाचला जातो आणि आउटपुटचं नाव पण कळतं, बहुतेक व्हीजीए-१ असेल. मग सिस, त्यात क्लास, त्यात डीआरएम या फोल्डरात कार्ड०-व्हीजीए-१ असा फोल्डर सापडेल (कार्डचा नंबर वेगळा असू शकतो), त्यातली ईडीआयडी नावाची फाइल कॅटने वाचून डब्ल्यूसी -सी ला पाइप करा (दोन कमांडच्या मधे उभी रेघ), म्हणजे किती बाइट ते मोजून येतात. १२८ किंवा २५६ आलं तर माहिती येतेय. शून्य आलं तर येत नाहीये. एलएसने साइझ बघू नका, ही फाइल भरलेली असली तरी एलएस शून्यच दाखवतं, आम्ही त्यावर विश्वास ठेवून दोन चांगल्या केबल बाजूला काढल्या होत्या.

शून्य आलं तर शेजारच्या चांगल्या सीटची केबल काढून इथे लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, केबल आणि मॉनिटर दोन्ही एकदम बदललेत तर काहीच कळत नाही. आमच्या सहा सीटपैकी तीन निव्वळ केबलने सुटल्या, एकीत मधे लावलेला व्हीजीए स्प्लिटर होता जो माहिती पुढे जाऊच देत नव्हता, तो काढला. उरलेल्या दोन मॉनिटरची चिपच गेलेली, त्यांना हाताने सांगावं लागलं, ते पुढे येतंय.

लाइटचं पण एक आहे. आमच्याकडे मॉनिटरच्या सॉकेटची रांग वेगळ्या बटणावर होती आणि थिन क्लायंट आधी चालू व्हायचे. खूपसे मॉनिटर बंद असले तरी त्या ५ व्होल्टवर माहिती देतात, पण सगळे देत नाहीत, मग बूट होताना मशीनला मॉनिटर सापडत नाही आणि लाइट जाऊन आली की हमखास गडबड. आधी मॉनिटरचं बटण, मग क्लायंटचं, एवढा क्रम पाळला तरी फरक पडला.

ड्रायव्हरचा दोष असेल तर तो पण एक्सरँडआरमधेच दिसतो. आउटपुटचं नाव व्हीजीए किंवा एचडीएमआय असं न येता नुसतं डिफॉल्ट असं आलं, आणि वर गॅमाबद्दल एक एरर आली, तर समजा की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर लागलेलाच नाही, जेमतेम चालवणारा लागलाय. अशा वेळी प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल वाचा, त्यात नोमोडसेट हा शब्द आहे का बघा. कोणीतरी कधीतरी काळी स्क्रीन येते म्हणून तो टाकलेला असतो आणि मग तो तिथेच राहतो. तो काढून बघा. नाव एक्सवेलँड-० असं काहीतरी आलं तर तुमचं सेशन वेलँडवर (चित्र दाखवायची वेगळी, नवी पद्धत) आहे, तिथे एक्सरँडआरने मोड बदलायच्या भानगडीत पडू नका.

आधी तात्पुरतं करून बघा

चिप गेलेल्या मॉनिटरसाठी मोड स्वतः द्यायचा. सीव्हीटी १६०० ९०० अशी कमांड दिली की एक मोडलाइन, म्हणजे त्या मोडच्या सगळ्या आकड्यांची ओळ, छापून येते, १६०० × ९०० साठी ती अशी:

११८.२५ १६०० १६९६ १८५६ २११२ ९०० ९०३ ९०८ ९३४ -एचसिंक +व्हीसिंक

मग एक्सरँडआर --न्यूमोड, त्यापुढे एक नाव आणि ही ओळ. मग एक्सरँडआर --ॲडमोड व्हीजीए-१ आणि तेच नाव. शेवटी एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड आणि नाव. काही ड्रायव्हरमधे मधली डॅश नसते, व्हीजीए१ असं लागतं, एक्सरँडआर जे दाखवतो तेच जसंच्या तसं लिहा.

स्क्रीन काळी होऊन आउट ऑफ रेंज येईल ही भीती असते आणि मुलांच्या समोर तसं झालं की हात थरथरतो, म्हणून शेवटच्या कमांडच्या पुढे सेमीकोलन देऊन स्लीप १५, परत सेमीकोलन आणि एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑटो असं एकाच ओळीत लिहा. नाही जमलं तर १५ सेकंदांनी आपोआप मागे येतं. जमलं तर ते १५ सेकंदांत दिसतंच, मग स्लीपशिवाय पुन्हा द्या.

आकडे नुसते उतरवू नका, एकदा भागून बघा. ११८.२५ हा पिक्सेल क्लॉक मेगाहर्ट्झमधे, तो एकूण रुंदीने म्हणजे २११२ ने भागला की साधारण ५६ किलोहर्ट्झ येतात, ही आडवी फ्रीक्वेन्सी. ती एकूण उंचीने म्हणजे ९३४ ने भागली की ६० हर्ट्झच्या जवळ येतं. मॉनिटरच्या मॅन्युअलमधे दिलेल्या रेंजमधे हे दोन्ही बसले पाहिजेत. ७५ हर्ट्झच्या मोहात पडू नका, एलसीडीला ६० पुरतात.

१३६६ × ७६८ चं दुखणं वेगळंच आहे. सीव्हीटीला रुंदी ८ ने भाग जाणारी लागते, १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून तो तुम्हाला १३६८ ची मोडलाइन देतो. ती लावली की चित्र येतं, पण बरेचदा थोडं सरकलेलं किंवा बारीक धुरकट, आणि आपल्याला कळतच नाही की दोन पिक्सेलचा घोळ आहे. या साइझसाठी सीव्हीटी न वापरता ठरलेली स्टँडर्ड मोडलाइन वापरा:

८५.५० १३६६ १४३६ १५७९ १७९२ ७६८ ७७१ ७७४ ७९८ +एचसिंक +व्हीसिंक

आणि मॉनिटरवरचं ऑटो ॲडजस्टचं बटण दाबा. व्हीजीएमधे चित्र एका बाजूला सरकलेलं असणं किंवा उभे पट्टे दिसणं हे बरेचदा रिझोल्यूशनचं नसतंच, त्या बटणानेच जातं.

१०८० वाल्यांसाठी पण एक सांगतो. सीव्हीटी १९२० १०८० ला १७३ मेगाहर्ट्झचा क्लॉक देतो, जुन्या थिन क्लायंटच्या व्हीजीएला तो जड जाऊ शकतो, सीव्हीटीला -आर लावलं की तोच मोड १३८.५० वर बसतो. शिवाय १९२० × १०८० ला ३२ बिट रंगात एका स्क्रीनला जवळजवळ ८ एमबी मेमरी लागते, बायोसमधे ग्राफिक्सला ८ एमबीच दिलेली असेल तर तिथे वाढवून घ्या.

आता कायमचं

इथे सगळे अडकतात. सीटवर बसून एटसीमधल्या एक्स११ फोल्डरात एक्सऑर्ग डॉट कॉन्फ बनवली, रीबूट केलं, फाइल गायब. गायब होणारच, कारण थिन क्लायंटची सगळी सिस्टीम सर्व्हरवरच्या एका इमेजवरून येते आणि तिच्यावर केलेले बदल रॅममधे राहतात, लाइट गेली की बदल गेले. जे करायचं ते सर्व्हरवर.

नेटवर शोधताना दोन एलटीएसपी एकमेकांत मिसळतात ते सांभाळा. एलटीएसपी १९९९ सालापासून आहे, आणि २०१९ मधे तो पूर्ण नव्याने लिहिला गेला. जुन्या लेखांमधे एलटीएस डॉट कॉन्फ असते, टीएफटीपीबूट फोल्डरात, आणि तिच्यात एक्सरँडआर_मोड_० किंवा एक्स_मोड_० असं लिहायचं असतं. नव्यात एटसीमधल्या एलटीएसपी फोल्डरात एलटीएसपी डॉट कॉन्फ असते आणि शब्द वेगळे आहेत. जुन्या ओळी नव्या फाइलमधे टाकल्या तर काही एरर येत नाही, नुसतं काहीच होत नाही, आणि आपण बसतो शोधत.

नव्या फाइलमधे त्या सीटच्या मॅक ॲड्रेसचं (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) चौकोनी कंसातलं हेडिंग द्या आणि त्याखाली एक्स_मोड्स मधे हवा तो आकडा. ज्या मॉनिटरची माहिती व्यवस्थित येते पण चुकीचा मोड निवडला जातो तिथे एवढं पुरतं. चिप गेलेल्या मॉनिटरला नाही पुरत, तिथे एक्स_मोडलाइन मधे वरची पूर्ण ओळ नावासकट, आणि एक्स_होरिझसिंक व एक्स_व्हर्टरिफ्रेश मधे मॅन्युअलमधली रेंज पण द्या. कारण माहिती नसेल तर एक्स सर्व्हर (स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्रॅम) स्वतःची एक छोटी रेंज धरतो आणि १६०० × ९०० चे ५६ किलोहर्ट्झ त्यात बसत नाहीत, मग तुमचा मोड तो गुपचूप टाकून देतो. व्हर लॉग फोल्डरातल्या एक्सऑर्ग डॉट ० डॉट लॉगमधे तुमच्या मोडचं नाव शोधा, का टाकला ते तिथे लिहिलेलं असतं.

फाइल सेव्ह केल्यावर सर्व्हरवर सुडो एलटीएसपी इनिटआरडी ही कमांड द्यायचीच. क्लायंट ती फाइल थेट वाचत नाहीत, त्या कमांडने ती बूटच्या पॅकेजमधे भरली जाते. ही दिली नाही तर रीबूट कितीही केलं तरी जुनंच येणार. आमच्याकडे दोघं जण आलटून पालटून सर्व्हर बघतात, म्हणून फाइलच्या पहिल्याच ओळीत कॉमेंट करून हे लिहून ठेवलंय.

सगळ्या सीटना एकच आकडा देऊन मोकळं व्हावं असं वाटतं, करू नका. मिसळलेले मॉनिटर असतील तर ज्यांना माहिती बरोबर मिळतेय त्यांना हातच लावायचा नाही, फक्त अडलेल्या सीटचं मॅक हेडिंग. आम्ही प्रत्येक डब्याच्या मागे चिकटपट्टीवर मॅक ॲड्रेस आणि मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन लिहिलंय, मॉनिटर हलवला तर चिठ्ठी बदलायची.

लॉगिन केल्यावर बिघडतं तेव्हा

याला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि याबद्दल फारसं कुठे लिहिलेलंही दिसलं नाही. सातवीतली एक मुलगी ज्या सीटवर बसायची ती सीट बिघडायची, दुसरं कोणी बसलं की तीच सीट बरी. बाकीची मुलं तिला सांगायला लागली की तुझा हात लागला की कॉम्प्युटर बिघडतो, तिने लॅबमधे पुढे बसणंच बंद केलं. तिचा काहीच दोष नव्हता.

होतं असं की डिस्प्ले सेटिंगमधे कोणी एकदा ॲप्लाय केलं की माते ते त्या युजरच्या होम फोल्डरमधे, लपलेल्या डॉट कॉन्फिग फोल्डरात, मॉनिटर्स डॉट एक्सएमएल नावाच्या फाइलमधे लिहून ठेवतं. कुठल्या मॉनिटरला कुठला मोड हे त्यात कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबरने लिहिलेलं असतं, आणि हे तिन्ही ईडीआयडीमधून येतात. आता ज्या सीटची ईडीआयडी येतच नाही तिथे या जागी माहीत नाही अशा अर्थाची एकच ठरलेली खूण लिहिली जाते. एलटीएसपीमधे होम सर्व्हरवर असतं आणि मुलाबरोबर सीटसीटवर फिरतं. तिने कधीतरी एका खराब केबलच्या सीटवर १०२४ सेट केलं होतं, त्यानंतर ती जिथे जिथे माहिती न येणाऱ्या मॉनिटरवर बसली तिथे तिथे खुणेला खूण जुळली आणि आम्ही सर्व्हरवरून दिलेला बरोबर मोड लॉगिन होताच पुसला गेला. मातेऐवजी एक्सएफसीई डेस्कटॉप वापरत असाल तर हीच गोष्ट एक्सएफकॉन्फमधल्या डिस्प्लेज डॉट एक्सएमएल मधे सापडेल.

तिची ती फाइल उडवली, तिला बोलावून तिच्याच हाताने लॉगिन करायला लावलं, स्क्रीन बरोबर आली. सगळ्या वर्गासमोर केलं मुद्दाम.

सगळ्यांसाठी करायचं तर सर्व्हरवर फाइंड कमांडने होम फोल्डरमधल्या सगळ्या मॉनिटर्स डॉट एक्सएमएल शोधा, आधी नुसती यादी बघा, बरोबर वाटली तरच -डिलीट लावा. पण मुलं पुन्हा सेटिंग उघडणारच, म्हणून एटसी, एक्स११, एक्ससेशन डॉट डी या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवली, नावात डॉट नाही, आत एकच ओळ, आरएम -एफ आणि युजरच्या होममधल्या त्या फाइलचा पत्ता. प्रत्येक लॉगिनला जुनी फाइल जाते. सर्व्हरचीच सिस्टीम क्लायंटला देत असाल तर यानंतर सुडो एलटीएसपी इमेज आणि पुढे स्लॅश ही कमांड देऊन इमेज नव्याने बनवावी लागते, तिला वेळ लागतो, शाळा सुटल्यावर लावा. दुसरा मार्ग म्हणजे माते सेटिंग्ज डीमनचं एक्सरँडआर प्लगिनच जीसेटिंग्जने बंद करायचं, पण मग प्रोजेक्टर लावल्यावर शिक्षकांची पंचाईत होते म्हणून आम्ही ते केलं नाही.

रिमोट डेस्कटॉपवाल्यांसाठी

काही ठिकाणी थिन क्लायंट नुसता आरडीपीने (दूरच्या विंडोजचा डेस्कटॉप इथे दाखवायची पद्धत) विंडोज सर्व्हरला जोडतात. तिथे दोन रिझोल्यूशन असतात, डब्याचं आणि सेशनचं. डब्याचं वर सांगितल्याप्रमाणे बरोबर करा, मग एक्सफ्रीआरडीपीला /एफ देऊन फुल स्क्रीन घ्या. एका सीटवर सेशन नुसतं डिसकनेक्ट करून दुसऱ्या साइझच्या मॉनिटरवर उघडायची सवय असेल तर /डायनॅमिक-रिझोल्यूशन लावून बघा. /स्मार्ट-साइझिंग नको, ते चित्र ताणून बसवतं आणि अक्षरं पुन्हा धुरकट होतात.

तुमच्याकडे तरीही अडत असेल तर खाली एक्सरँडआरचं पूर्ण आउटपुट, त्या ईडीआयडी फाइलचा बाइटचा आकडा, मॉनिटरची साइझ आणि लॉगिनच्या आधी बिघडतं की नंतर एवढं लिहा. मी शनिवारी लॅबमधे असतो, तेव्हा तसाच मॉनिटर लावून बघून उत्तर देतो.